आमच्या टूलमधले ऑप्शन असे का आहेत?
(ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

तुमच्या ऑफिसात आम्ही बसवून दिलेले टूल आतून गिटवरच, म्हणजे कोडमधल्या बदलांचा इतिहास जपणाऱ्या प्रणालीवरच चालते. तरी गिटची सवय असलेली मंडळी पहिल्याच आठवड्यात विचारतात, ‘तिकडे जे एका अक्षरात होतं, ते इथे एवढं लांब का लिहायचं?’ प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर सविस्तर देत आहोत. (कमांड टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरे वापरायची. इथे वाचायला सोपे जावे म्हणून देवनागरीत दिली आहेत.)

आधी ‘-एन’ हा ऑप्शन (कमांडला जोडायचे अक्षर किंवा शब्द) घेऊ. गिटमध्ये ॲड (बदल नोंदीसाठी निवडणे), पुश (नोंदी सर्व्हरवर चढवणे) किंवा क्लीन (गिटच्या नोंदीत नसलेल्या फाइली काढणे) या कमांडना ‘-एन’ लावले की नुसती रंगीत तालीम होते. काय काय होईल ते पडद्यावर दिसते, पण बदलत काहीच नाही. तेच ‘-एन’ कमिटला (बदलांची नोंद करणारी कमांड) लावले तर कमिट खरोखर होते, आणि त्याआधी चालणाऱ्या तपासण्या, म्हणजे हुक, गाळले जातात. फेचला (सर्व्हरवरच्या नव्या नोंदी आणणे) लावले तर टॅग, म्हणजे नोंदींना दिलेली नावे, येत नाहीत, आणि लॉगमध्ये (नोंदींची यादी) त्याचा अर्थ ‘किती नोंदी दाखवू’ असा होतो. गिट २००५ पासून अनेकांच्या हातून वाढले, प्रत्येक कमांडला तिच्या गरजेप्रमाणे अक्षरे मिळाली आणि नंतर ती बदलणे अवघड झाले, कारण जगभरच्या स्क्रिप्ट (आपोआप चालणाऱ्या कमांडच्या फाइली) त्यांवर अवलंबून होत्या. पण तुमच्याकडे पासवर्ड चुकून कोडमध्ये जाऊ नये म्हणून आम्ही जो हुक लावला आहे, तो तालमीच्या समजुतीने गाळला जाणे आम्हाला चालणार नाही. आमच्या टूलमध्ये ‘-एन’ कुठेही लावा, तालीमच होईल. हुक गाळायचाच असेल तर ‘--नो-व्हेरिफाय’ पूर्ण लिहावे लागते.

दुसरा नियम आम्ही कधीच मोडत नाही: ज्या ऑप्शनने काम पुसले जाऊ शकते, त्याला एका अक्षराचे रूप नाही. गिटमध्ये ब्रँच (कामाची वेगळी शाखा) काढताना छोटी ‘-डी’ दिली, तर मर्ज न झालेली, म्हणजे दुसरीकडे न मिसळलेली, ब्रँच काढायला ते नकार देते. मोठी ‘-डी’ दिली तर मुकाट्याने काढून टाकते. दोहोंमध्ये फरक फक्त शिफ्टच्या बटणाचा! कमिट झालेले काम अशा वेळीही रिफ्लॉगमधून (गिटने ठेवलेल्या मागच्या स्थितींच्या नोंदवहीतून) बहुधा परत मिळते (कुठल्याच ब्रँचवर नसलेल्या नोंदी तिथे मुळात ३० दिवस राहतात). पण जे कमिटच केले नव्हते आणि ‘रीसेट --हार्ड’ने (फाइली जुन्या नोंदीप्रमाणे करणारी कमांड) गेले, ते रिफ्लॉगमध्ये नसतेच. म्हणून तिथे लांब नाव लिहिण्याचा त्रास आम्ही मुद्दाम ठेवला आहे.

सगळ्यात जास्त विचार पुशवर केला. नुसते ‘--फोर्स’ सर्व्हरवरचे काम न पाहता झाकून टाकते. मध्येच सहकाऱ्याने काही चढवले असेल तर तेही त्याखाली जाते. यावर गिटमध्ये ‘--फोर्स-विथ-लीज’ आहे: आपण शेवटचे पाहिले तेव्हा सर्व्हर जिथे होता, तिथेच असेल तरच पुश होते. मात्र एखादा एडिटर मागच्या मागे फेच करत असेल, तर गिटच्या लेखी आपण नवे काम ‘पाहिलेले’ असते, डोळ्यांनी पाहिले नसले तरी. आमचे टूल म्हणून तुम्ही स्वतः शेवटचे पुल केले (सर्व्हरवरचे काम आणून आपल्यात मिसळले) त्या कमिटचा क्रमांक जपून ठेवते आणि लीजबरोबर तोच पाठवते. मागे कितीही फेच झाले तरी फरक पडत नाही. साधे ‘--फोर्स’ आम्ही ठेवलेलेच नाही.

चेकआउटही नाही. गिटमध्ये ती एकच कमांड ब्रँच बदलते आणि फाइलमधले बदलही फेकून देते. गिटने स्वतःच ऑगस्ट २०१९ च्या २.२३ आवृत्तीत ही दोन कामे स्विच आणि रिस्टोअर अशी वेगळी केली. आम्ही तीच नावे घेतली.

आता स्क्रिप्टबद्दल. गिट ऑप्शनचे अर्धवट नावही चालवून घेते: ‘--अमेंड’ऐवजी ‘--अमेन’ लिहिले तरी काम होते. पुढच्या आवृत्तीत त्याच अक्षरांनी सुरू होणारा नवा ऑप्शन आला की मात्र अशी स्क्रिप्ट एका सकाळी अचानक बंद पडते. आमचे टूल अर्धवट नाव घेतच नाही. स्टेटस (कोणत्या फाइली बदलल्या ते) स्क्रिप्टने वाचायचा असेल तर ‘--पोर्सेलीन’ लावा. माणसांसाठीची मांडणी आम्ही सुधारत राहू, ‘--पोर्सेलीन’ची मात्र बदलणार नाही. आणि फाइलच्या नावांआधी एक सुटे ‘--’ जरूर लिहा, म्हणजे डॅशने सुरू होणारे फाइलचे नाव ऑप्शन समजले जाणार नाही.