दोषी ठरल्यावर तुरुंगाऐवजी परिवीक्षा: इंदूरच्या न्यायालयात अर्ज कसा करावा

निकालात ‘दोषी’ म्हटलं की घरचे थेट अपिलाचं बोलू लागतात. त्याआधी शिक्षेच्या प्रश्नावर सुनावणी असते. परिवीक्षा (प्रोबेशन), म्हणजे तुरुंगाऐवजी चांगल्या वागणुकीच्या लेखी हमीवर सुटका, तिथेच मागायची. ती बऱ्याचदा त्याच दिवशी काही मिनिटांत उरकते, म्हणून कागद निकालाच्या तारखेआधीच वकिलांकडे द्यावेत.

कोण पात्र? १९५८ च्या परिवीक्षा कायद्याच्या कलम ४ प्रमाणे, ज्या गुन्ह्याला फाशी किंवा जन्मठेप नाही त्यात न्यायाधीश जास्तीत जास्त ३ वर्षांच्या सद्वर्तनाच्या बंधपत्रावर सोडू शकतात. आरोपीचा किंवा जामीनदाराचा कायमचा पत्ता अथवा नियमित कामधंदा न्यायालयाच्या हद्दीत हवा. २१ वर्षांखालच्यांना कलम ६ मुळे जास्त संरक्षण आहे: तुरुंगात पाठवायचं तर कारणं लिहावी लागतात. मात्र वय गुन्ह्याच्या दिवशीचं नाही, शिक्षा ठरते त्या दिवशीचं धरतात. खटला लांबला की हा लाभ हातचा जातो. लाचखोरीच्या प्रकरणात परिवीक्षा नाही. बेदरकार वाहनाने मृत्यू झाला असेल तर सर्वोच्च न्यायालयाची भूमिका कडक आहे; तिथे फार आशा धरू नये.

छापील फॉर्म शोधू नका. साध्या कागदावर, हिंदीत, वकिलांमार्फत अर्ज चालतो. सोबत दहावीची अंकसूची (गुणपत्रिका), आधार, नोकरीचं किंवा दुकानाचं प्रमाणपत्र, आजारपणाचे कागद, फिर्यादीशी तडजोड झाली असल्यास ती, आणि जामीनदाराची ऋणपुस्तिका (त्याच्या शेतजमिनीच्या नोंदीचं पुस्तक). कोठडीत दिवस काढले असतील तर त्याचं प्रमाणपत्रही घ्या. शिक्षा झालीच तर ते दिवस वजा होतात.

‘पहिलाच गुन्हा, घरात कमावता एकटाच’ एवढ्यावर काम होत नाही, हे वाक्य न्यायाधीश रोज ऐकतात. परिवीक्षा अधिकाऱ्याचा (आरोपीच्या घरच्या परिस्थितीची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याचा) अहवाल मागवा, अशी विनंती अर्जातच करावी. २०११ च्या इंदूरच्या तिहेरी खून प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये असाच अहवाल आणि तुरुंगातल्या वर्तणुकीचा अहवाल पाहून फाशी रद्द केली. तो फाशीचा खटला होता, पण कागदाचं वजन त्यातून कळतं.

अर्ज फेटाळला आणि शिक्षा ३ वर्षांपर्यंतची असेल, तर जामिनावर असलेल्याला अपिलासाठी तेच न्यायालय जामीन देऊ शकतं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या) कलम ४३० चा हा अर्जही तयार ठेवा. अपिलाची मुदत सत्र न्यायालयात ३० दिवस, उच्च न्यायालयात ६०. तुरुंगवासाची शिक्षा झाल्यास निकालाची एक प्रत लगेच मोफत मिळते.