जुन्या मोटारीतील वातानुकूलन यंत्रणेचे दोषनिदान

मोटारीचा एसी गार का करत नाही, हवा कमी का येते किंवा नको असताना गरम झोत का येतो, याचे कारण निरीक्षणाने आणि मोजमापाने शोधण्याची पद्धत. दहा-पंधरा वर्षे वापरलेल्या गाडीत एकाच तक्रारीमागे तीन-चार कारणे असू शकतात. त्यामुळे तपासणीचा क्रम महत्त्वाचा ठरतो. ‘गॅस संपला असेल, भरून टाकू’ हे उत्तर गॅरेजमध्ये सर्रास ऐकू येते, पण ते निदान नव्हे. गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही, बंद चक्रात तोच फिरत राहतो. तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि ती न शोधता भरलेला गॅस पुन्हा निघून जाणार.

यंत्रणेचे काम थोडक्यात असे. इंजिनाच्या बेल्टवर फिरणारा कॉम्प्रेसर वायू दाबतो. रेडिएटरसमोरच्या कंडेन्सरमध्ये तो उष्णता सोडून द्रव होतो आणि ड्रायर त्यातला ओलावा शोषून घेतो. एक्सपान्शन व्हॉल्व्हमध्ये दाब एकदम उतरतो आणि डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये द्रवाची वाफ होताना कॉइल गार पडते. ब्लोअर त्यावरून हवा आत ढकलतो. हीटर मात्र इंजिनाच्या गरम पाण्यावर चालतो.

तपासणीपूर्वी गाडीत कोणता गॅस आहे हे पाहणे आवश्यक असते. ओझोनच्या रक्षणासाठी १९८७ मध्ये मॉन्ट्रियल करार झाला व भारत त्यात १९९२ मध्ये सामील झाला. त्यानंतर ओझोनला मारक असलेला आर-१२ हा गॅस मागे पडून आर-१३४ए हा गॅस आला. दोन्हींचे नोझल वेगळे असतात आणि बॉनेटखालच्या पट्टीवर गॅसचे नाव व वजन छापलेले असते. आर-१२ साठीचे खनिज तेल आर-१३४ए मध्ये नीट मिसळत नाही. तेल न बदलता केलेल्या रूपांतरात ते कॉम्प्रेसरपर्यंत परतत नाही आणि कॉम्प्रेसर जाम होतो.

पहिला प्रश्न एकच : हवा कमी येते की गारवा कमी आहे? हवाच कमी असेल तर गेज, म्हणजे गॅसचा दाब दाखवणारे मापक, लावण्यात अर्थ नाही. ब्लोअर फक्त सर्वांत मोठ्या वेगावर चालत असेल तर बहुधा त्याचा वेग कमी करणारा रेझिस्टर जळालेला असतो. नवा रेझिस्टर पुन्हा जळाला तर ब्लोअरची मोटर जड फिरून जास्त करंट ओढते का, हे तपासावे. सुरुवातीला भरपूर येणारी हवा अर्ध्या-पाऊण तासाने मंदावत असेल तर कूलिंग कॉइलवर बर्फ साचत असण्याची शक्यता असते. एसी बंद ठेवून नुसता ब्लोअर चालवला की बर्फ वितळतो आणि हवा परत येते. अशा वेळी कॉइलजवळचा थर्मिस्टर, म्हणजे तापमानाचा संवेदक, संशयित ठरतो.

गारवा कमी असल्यास गेज लावतात. आर-१३४ए च्या गाडीत ३० ते ३५ अंश सेल्सिअसच्या हवेत, इंजिन मिनिटाला १५०० फेऱ्यांवर आणि ब्लोअर पूर्ण वेगावर असताना कमी दाबाची बाजू साधारण २२ ते ३६ पीएसआय (दाबाचे एकक) आणि जास्त दाबाची बाजू २०० ते २३० पीएसआय दाखवते. दोन्ही काटे खाली असतील तर गॅस कमी. दोन्ही वर असतील तर गॅस जादा, आत हवा शिरलेली, किंवा कंडेन्सर धुळीने बुजलेला वा त्याचा पंखा बंद. कमी दाबाच्या बाजूचा काटा वर आणि जास्त दाबाच्या बाजूचा खाली असेल तर कॉम्प्रेसर थकला. कमी दाबाची बाजू निर्वातापर्यंत उतरत असेल तर एक्सपान्शन व्हॉल्व्ह तुंबला. मधूनच असे होऊन पुन्हा सुरळीत होत असेल, तर आतला ओलावा व्हॉल्व्हच्या तोंडाशी गोठतो आहे. इंजिन बंद असतानाचा दाब मात्र फसवा असतो. ३० अंशांना तो सुमारे ९७ पीएसआय येतो, मग आत भरपूर गॅस असो वा थोडासा द्रव उरलेला असो. ‘प्रेशर बरोबर आहे’ हा निष्कर्ष बंद गाडीवरून कधीच काढू नये.

सर्वांत जास्त चकवणारी तक्रार म्हणजे सकाळी उत्तम चालणारा एसी दुपारच्या ट्रॅफिकमध्ये बंद पडणे. येथे अनेकदा नाहक नवा कॉम्प्रेसर बसतो, म्हणून हा दोष नीट समजून घेण्यासारखा आहे. कॉम्प्रेसरच्या पुलीसमोरची लोखंडी प्लेट विद्युतचुंबकाने ओढली जाते आणि कॉम्प्रेसर फिरू लागतो; या जोडणीला क्लच म्हणतात. वर्षानुवर्षांच्या झिजेने प्लेट आणि पुलीमधली फट वाढते. गरम झाल्यावर चुंबकाच्या तारेचा विरोध वाढतो, ओढ कमी पडते आणि प्लेट वाढलेली फट ओलांडू शकत नाही. एसी बंद पडलेल्या त्याच क्षणी क्लचच्या तारेवर व्होल्टेज मोजावे. पूर्ण व्होल्टेज पोचूनही प्लेट ओढली जात नसेल तर दोष क्लचमध्ये आहे, आणि चुंबकाची कॉइल शाबूत असेल तर पुष्कळदा प्लेटमागचा एक पातळ वॉशर काढल्याने काम भागते. व्होल्टेजच पोचत नसेल तर रिले (क्लचला वीज देणारा स्विच), गॅसच्या दाबावर चालणारा प्रेशर स्विच आणि थर्मिस्टर या दिशेने शोध घ्यावा.

गेज निर्दोष आणि तरीही हवा कोमट, असे दिसल्यास हीटरकडे वळावे. हीटरला जाणारा गरम पाण्याचा पाइप चिमट्याने काही वेळ दाबून धरला आणि झोत गार झाला, तर पाण्याचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही किंवा आतली झडप सरकत नाही असे ठरते. पायाखाली साचलेले पाणी सहसा कॉइलच्या निचऱ्याची नळी तुंबल्याने येते. मात्र त्याला गोडसर वास असेल आणि काचेवर चिकट धुके धरत असेल, तर ते हीटरमधून गळणारे कूलंट समजावे.

स्वयंचलित वातानुकूलनाच्या गाड्यांत दोषसंकेत वाचता येतात. अनेक जुन्या टोयोटा गाड्यांत ‘ऑटो’ आणि आतली हवा फिरवण्याचे बटण एकत्र दाबून इग्निशन चालू केले की पॅनेल स्वतःची तपासणी करते. ती उन्हात करावी. अंधाऱ्या गॅरेजमध्ये निर्दोष सूर्यसंवेदकही २१ क्रमांकाचा दोष दाखवतो.

गळती शोधताना तेलकट डाग पाहावेत, कारण गॅसबरोबर तेलही बाहेर येते. कोकणात खारट हवेने कंडेन्सर कुजतो. महिनोन्महिने एसी न लावलेल्या गाडीत कॉम्प्रेसरच्या दांड्याचे सील कोरडे पडते. यंत्रणेतली हवा पंपाने ओढून काढल्यावर व्हॅक्यूम (निर्वात) टिकला म्हणजे गळती नाही, असे मानणे चूक आहे. व्हॅक्यूममध्ये केवळ एका वातावरणाचा दाब आत ढकलत असतो, तर चालू यंत्रणेत त्याच्या चौदा-पंधरा पट दाब बाहेर रेटतो. नायट्रोजन भरून साबणाचे पाणी लावणे अधिक खात्रीचे. कूलिंग कॉइलच्या संशयावरून डॅशबोर्ड उतरवण्यापूर्वी निचऱ्याच्या नळीशी गॅस-शोधक धरून पाहावा.

दुरुस्तीनंतर यंत्रणा निर्वात करून गॅस वजनाने भरतात आणि मधल्या झरोक्यात तापमापी ठेवतात. हा आकडा बाहेरच्या तापमानाबरोबरच आर्द्रतेसह नोंदवावा लागतो. जूनमधल्या मुंबईत कॉइलची बरीच क्षमता बाष्पाचे पाणी करण्यातच जाते, तर नागपूरच्या कोरड्या मे महिन्यात खरा ताण कंडेन्सरवर येतो. म्हणून एका गावचा आकडा दुसऱ्या गावच्या गाडीला लावता येत नाही.