चारापिकाचं बी आणि युरियाची सवय: कोकणातली पार्श्वभूमी

कोकणात चारा पेरायची गोष्ट तशी अलीकडचीच. भाताचा पेंढा, बांधावरचं गवत आणि पावसाळ्यात वरकस, म्हणजे उताराच्या हलक्या जमिनीवर माजणारं रान, यावर गोठा चालायचा. ठाणे-पालघरकडचं गवत तर कापून, गाठी बांधून मुंबईच्या तबेल्यांना विकलं जायचं. जे आपसूक उगवतं त्याला खत कोण घालणार आणि त्याचं बी कोण धरणार? खताचा सगळा विचार भाताभोवती फिरायचा. शेण, कवळ (झाडांच्या तोडलेल्या डहाळ्या), पालापाचोळा रचून राब भाजायचा आणि त्या राखेत रोपं करायची. त्या आगीत नत्र (नायट्रोजन) उडून जायचं, पण राखेतलं पालाश (पोटॅश) उरायचं आणि त्या वाफ्याची आम्लताही थोडी कमी व्हायची.

मग पोत्यातलं खत आलं. ट्रॉम्बेचा कारखाना 1965 साली सुरू झाला, अलिबागजवळच्या थळचा 1985 च्या सुमारास. युरिया, म्हणजे नुसतं नत्र देणारं खत, अगदी दारात तयार होऊ लागला. 1992 मध्ये स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाशयुक्त खतांच्या किमतींवरचं नियंत्रण उठलं, युरियाचं मात्र राहिलं. 2010 मध्ये अन्नद्रव्यांवर आधारित अनुदान आलं, तेव्हाही युरिया त्याबाहेरच ठेवला गेला. स्वस्त पोतं एकच उरलं, आणि खत म्हणजे युरिया हे समीकरण पक्कं झालं. शेतकऱ्याला यात दोष देता येत नाही. किमतीच तशा होत्या.

हिरव्या चाऱ्यासाठी ही सवय खपून जाते. बियाण्यासाठी ती मारक ठरते.

भात निघाल्यावर ओलीवर पेरलेली चवळी घ्या. युरिया फेकला की आठवड्याभरात पानं काळपट हिरवी होतात, वेल एकमेकांवर चढतात, बघणारा खूश होतो. पण अशा वेलाचं मूळ उपटून त्यावरची गाठ नखानं फोडून पाहावी. या गाठींतले जीवाणू हवेतलं नत्र वेलाला मिळवून देतात. काम करणारी गाठ आतून गुलाबी, लालसर असते. आयतं नत्र मिळालं की गाठी थोड्या धरतात, आणि ज्या धरतात त्या बऱ्याचदा आतून फिक्या असतात. वेल वाढतच राहतो, फुलोरा लांबतो, एकाच वेलावर वाळलेली शेंग आणि कोवळी शेंग शेजारी लोंबतात. तोडणी कधी करायची तेच कळत नाही. दाट पाल्यात हवा खेळत नाही, खालच्या शेंगा कुजतात. चारा भरपूर आणि बी मूठभर, असा हिशेब होतो.

अशा द्विदल पिकाला हेक्टरी 20 ते 25 किलो नत्र सुरुवातीला पुरतं. खरी गरज असते ती 40 ते 60 किलो स्फुरदाची, आणि इथेच जांभ्याची माती आडवी येते. आम्ल जमिनीतलं लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरदाला धरून ठेवतं, पिकाला सोडत नाही. वरून विस्कटलेलं खत म्हणूनच वाया जातं. ते शेणखतात मिसळून बियाण्याच्या ओळीखाली द्यावं लागतं. डीएपीत (डाय-अमोनियम फॉस्फेट) स्फुरद 46 टक्के असलं तरी बियाण्याच्या प्लॉटला मी सिंगल सुपर फॉस्फेटच निवडेन. त्यात स्फुरद 16 टक्केच, पण सोबत गंधक आणि कॅल्शियम येतं, आणि कोकणच्या धो-धो पावसात हे दोन्ही धुऊन गेलेले असतात. बोरॉनचंही तसंच. ते कमी पडलं तर फुलं दिसतात, पण दाणा नीट धरत नाही. मॉलिब्डेनम आम्ल जमिनीत अडकून बसतं, आणि मुळांवरच्या गाठींना ते लागतंच. थोडा चुना दिला की ते मोकळं होतं.

गवताचं गणित वेगळं. गिनी किंवा दीनानाथ गवताला बियाण्यासाठीही नत्र हवं, कारण फुटवे जितके, तितके तुरे. मात्र ते फुटव्यांच्या वेळी, हप्त्याहप्त्यानं. उशिरा दिलेलं नत्र नुसता पाला वाढवतं, ताटं लोळतात, आणि आधी पिकलेलं बी गळून जातं. संकरित नेपियरला असं बी धरतच नाही, ते ठोंबांनीच लावायचं.

खत कुठे ठेवायचं ही शिस्त कोकणाला नवी नाही. चारसूत्री भातलागवडीत चार चुडांच्या (रोपांच्या झुबक्यांच्या) मधोमध युरिया-डीएपीची गोळी चिखलात खोचतात, म्हणजे नत्र पाण्याबरोबर वाहून जात नाही. चाऱ्याच्या बियाण्याला तशी शिस्त अजून लागलेली दिसत नाही. चवळीचा तुकडा बियाण्यासाठी राखायचा असेल, तर तो पेरणीआधीच वेगळा आखावा आणि सुरुवातीचं थोडं नत्र दिल्यावर युरियाचं पोतं त्याच्या बांधापर्यंतही नेऊ नये.