कसरती आरसी (रेडिओ-नियंत्रित) विमानांची विंग टिप (पंखाचे टोक)

पंखाखालची जास्त दाबाची हवा टोकाला वळसा घालून वर येते आणि तिथे भोवरा तयार होतो. या भोवऱ्यामुळे वाढणारा ड्रॅग (हवेचा अडथळा) ग्लायडरला महागात पडतो. कसरती विमानाकडे मात्र ताकद मुबलक असते. त्याची खरी डोकेदुखी म्हणजे टिप स्टॉल, म्हणजे पंखाचे टोक उचल देईनासे होणे.

निमुळत्या पंखाची कॉर्ड (पुढून मागेपर्यंतची रुंदी) टोकाकडे लहान होत जाते आणि तिच्याबरोबर रेनॉल्ड्स अंकही घटतो; हा अंक जितका कमी, तितका पंख लवकर स्टॉल होतो. सेकंदाला १२ मीटर वेगाने मुळाशी ४०० मिमी कॉर्डला तो सुमारे ३.३ लाख असतो, टोकाच्या २०० मिमीला त्याच्या निम्मा. त्यामुळे उतरताना वेग पडला की टोक आधी स्टॉल होते आणि एक पंख अचानक कोसळतो. तो उचलायला एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलती फळी) द्यावा, तर खाली वळलेला एलेरॉन त्याच टोकाचा स्टॉल वाढवतो. म्हणून आधी एलेव्हेटरची (नाक वर-खाली करणाऱ्या शेपटीच्या फळीची) ओढ सोडून थ्रॉटल द्यावा, पंख सावरायला रडर (शेपटीची उभी फळी) वापरावा. अर्थात, तेवढी उंची उरली असेल तर.

शिकाऊ विमानात टोकाला २ ते ३ अंश वॉशआउट, म्हणजे टोकाची पुढची कड खाली वळवणारा पीळ, देऊन हा प्रश्न सुटतो. कसरती विमानात हा उपाय चालत नाही, कारण उलटे उडताना तोच पीळ वॉशइन, म्हणजे नेमका उलट परिणामाचा, ठरतो. त्याऐवजी सिमेट्रिकल एअरफॉइल (वर-खाली सारखाच फुगीर पंखाचा छेद) घेऊन टोकाशी त्याची टक्केवारीतली जाडी वाढवतात आणि लीडिंग एज (पंखाची पुढची कड) बोथट ठेवतात. ती फार बोथट झाली तर स्नॅप रोल (एक पंख मुद्दाम स्टॉल करून घेतलेली झटपट गिरकी) लुळा पडतो, म्हणून इथे तडजोड अटळ आहे. काही थ्रीडी (अगदी मंद वेगात कसरती करणाऱ्या) विमानांच्या टोकांना उभ्या चकत्या, म्हणजे साइड फोर्स जनरेटर, लावतात. नाइफ एजला (पंख उभे ठेवून कुशीवर उडताना) त्यांचा फायदा होतो, पण टोकावरच्या वजनामुळे रोल चटकन सुरू होत नाही आणि जागच्या जागी थांबतही नाही.

पंख सतत एकाच बाजूला पडत असेल, तर दोष पिळाचा की वजनाचा हे आधी ठरवावे. सुलट्या उड्डाणात विमान हात न लावता सरळ उडेल असे एलेरॉन ट्रिम करून विमान उलटे करावे. ते तसेच सरळ राहिले तर पंखाला पीळ आहे. जड पंख आणखी जोरात खाली गेला तर वजनाचा फरक आहे. वजनासाठी हलक्या टोकात शिसे बसवावे. पीळ बहुतेकदा कव्हरिंग फिल्म असमान आखडल्याने येतो. पंख किंचित उलट पिळून धरावा, फिल्मवर हीट गन फिरवावी आणि ती गार होईपर्यंत पकड सोडू नये. मग दोन्ही टोके इन्सिडन्स मीटरवर (पंखाचा कोन मोजणाऱ्या साधनावर) पुन्हा मोजावीत.