शर्यतीत धावलेली जुनी स्पोर्ट्स कार विकताना मालकी हस्तांतरणाचा अर्ज कुठे अडतो

हौशी शर्यतींत आणि रॅलींत कधीकाळी धावलेली स्पोर्ट्स कार विकायला काढली, तर गिऱ्हाईक मिळायला फारसा वेळ लागत नाही. खरी अडचण येते ती परिवहन कार्यालयाच्या दप्तरात ती गाडी गिऱ्हाइकाच्या नावावर चढवताना. ज्या फेरफारांमुळे अशा गाडीला शौकिनांमध्ये भाव येतो, नेमके तेच आरसी बुकातील नोंदींशी जुळत नाहीत, आणि मोटार वाहन निरीक्षकाला या नोंदी ताडून पाहण्यापलीकडे काही करायचे नसते. महाराष्ट्रात नोंदणी झालेली अशी गाडी विकू इच्छिणाऱ्यांसाठी पुढील माहिती दिली आहे. फक्त ट्रॅकसाठी बांधलेल्या आणि कधीच नोंदणी न झालेल्या एकआसनी गाडीला यातले काही लागू होत नाही. ती साध्या विक्री करारावर विकता येते, मात्र तिला रस्त्यावरून स्वतःच्या चाकांवर नेता येत नाही.

नेहमीची पद्धत थोडक्यात अशी आहे. विकणाऱ्याने फॉर्म २९ (विक्रीची सूचना) दोन प्रतींत द्यायचा, फॉर्म ३० (हस्तांतरणाचा अर्ज) वर दोघांच्या सह्या घ्यायच्या, आणि सोबत मूळ आरसी, चालू विमा, पीयूसी, पॅन किंवा फॉर्म ६०, घेणाऱ्याच्या पत्त्याचा पुरावा आणि चेसिस क्रमांकाचा पेन्सिलने घेतलेला ठसा जोडायचा. अर्ज परिवहन पोर्टलवर भरायचा आणि शुल्कही तिथेच भरायचे. गाडीवर ई-चलन थकलेले असेल किंवा उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसवलेली नसेल, तर अर्ज पुढे सरकत नाही, म्हणून ही दोन कामे आधीच उरकावीत.

मुदतीबाबत मात्र जवळजवळ प्रत्येक जण चुकतो. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५० नुसार घेणाऱ्याला ३० दिवसांची मुदत आहे. तीच आपल्यालाही आहे असे विकणारे धरून चालतात. विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात विक्री केली असेल तर १४ दिवसांत, आणि गाडी गोव्याला, कर्नाटकात किंवा अन्य राज्यात जाणार असेल तर ना हरकत प्रमाणपत्रासह ४५ दिवसांत कळवायचे असते. हे दिवस हस्तांतरणाच्या तारखेपासून मोजले जातात, शेवटचा हप्ता खात्यात जमा झाल्याच्या तारखेपासून नव्हे.

याहून घातक सवय म्हणजे तारीख कोरी ठेवून, केवळ सह्या केलेले मालकी हस्तांतरणाचे (टीटीओ) फॉर्म गिऱ्हाइकाच्या हाती देणे. दप्तरात ज्याचे नाव आहे तोच नुकसानभरपाईसाठी मालक धरला जातो, मग गाडी मधल्या काळात कितीही हातांतून गेलेली असो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले आहे. वेगाच्या हौसेनेच घेतल्या जाणाऱ्या गाडीच्या बाबतीत हा धोका किती मोठा आहे, हे निराळे सांगायला नको. गाडी विक्रीसाठी एखाद्या व्यापाऱ्याकडे ठेवायची असेल, तर तो अधिकृत प्रमाणपत्रधारक आहे ना हे पाहावे आणि गाडी सोपवतानाच फॉर्म २९सी (गाडी व्यापाऱ्याच्या ताब्यात दिल्याची सूचना) पोर्टलवर भरला गेल्याची खात्री करावी. ही सोय १ एप्रिल २०२३ पासून उपलब्ध असूनही फार थोडे लोक ती वापरतात.

कोणाकडेच नसलेली कागदपत्रे

सध्याची एमएच मालिका १ जुलै १९८९ रोजी नवा अधिनियम अमलात आल्यानंतरची आहे. त्याआधीचा जुना क्रमांक असलेली गाडी संगणकीय नोंदीत नसण्याची शक्यता मोठी असते, आणि ती ‘वाहन’ प्रणालीत चढल्याशिवाय पोर्टल तिला ओळखतच नाही. या कामाला कार्यालयात बॅकलॉग एंट्री म्हणतात. त्यासाठी मूळ आरसी बुक द्यावे लागते आणि कार्यालयाच्या जुन्या नोंदवहीतील पानाशी ते पडताळले जाते. ती नोंदवही जीर्ण असते, कधी दुसऱ्या इमारतीत हलवलेली असते, आणि ती शोधण्याची निकड अर्जदाराखेरीज कोणालाच वाटत नाही. म्हणून गिऱ्हाईक ठरण्याची वाट न पाहता बॅकलॉगचा अर्ज आधी करावा, आणि तो दिल्याची पोच घ्यावी.

परदेशातून आणलेल्या गाडीच्या बाबतीत सीमाशुल्काचे बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीचा कागद, मागितले जाते, आणि साठ वर्षांपूर्वीचा तो कागद बहुतेक घरांत नसतो. गाडीची येथे रीतसर नोंदणी झालेली असेल, तर मूळ आरसी बुकात आयातीची नोंद सहसा सापडते. त्या पानाची साक्षांकित प्रत अर्जासोबत द्यावी. त्याच पानावर आणखी एक अडथळा लपलेला असू शकतो. परदेशातून कायमच्या परतलेल्या माणसाने आणलेल्या गाडीवर सीमाशुल्क विभागाची ठरावीक काळ विक्री न करण्याची अट असे आणि ती आरसीवर लिहिली जाई. मुदत कधीच उलटून गेलेली असते, पण नोंद खोडलेली नसल्यामुळे कारकून बोट ठेवतो तो त्या ओळीवर.

बँकेच्या बोज्याचेही तसेच आहे. कर्ज फिटून तीस वर्षे झाली असली, तरी बोजा उतरवण्यासाठी फॉर्म ३५ आणि बँकेचे पत्र लागतेच. बँक विलीन झाली असेल, तर पत्र तिच्या उत्तराधिकारी बँकेकडून आणावे लागते. उदाहरणार्थ, देना बँकेचा बोजा असेल तर १ एप्रिल २०१९ नंतर ते पत्र बँक ऑफ बडोदा देते.

शर्यतीच्या गाड्या पुष्कळदा चालकाच्या नावावर नसून त्याच्या गॅरेजच्या भागीदारी संस्थेच्या किंवा कंपनीच्या नावावर असतात, कारण खर्च तिकडून होत असे. संस्था चालू असेल तर ठराव आणि अधिकृत सहीदाराचे पत्र पुरते. संस्था बंद पडली असेल, तर विसर्जन पत्रात गाडी कोणाच्या वाट्याला गेली हे लिहिलेले आहे का, ते पाहावे; ते नसेल तर वकिलाचा सल्ला आधी घ्यावा आणि विक्रीचे बोलणे नंतर करावे. मूळ मालक हयात नसेल, तर वारसाने मृत्यूनंतर ३० दिवसांत कार्यालयाला कळवून फॉर्म ३१ भरायचा असतो. हे वर्षानुवर्षे राहून गेलेले असते. अशा वेळी इतर वारसांच्या संमतीच्या प्रतिज्ञापत्रांसह गाडी आधी एका वारसाच्या नावावर करून घ्यावी, आणि नंतरच विकावी. वडिलांच्या जागी मुलाने सही करून दिलेला फॉर्म ३० हा हस्तांतरणाचा अर्ज नसून गुन्ह्याचा पुरावा ठरतो, हे नम्रपणे पण स्पष्टपणे सांगणे भाग आहे.

इंजिन, रोलकेज आणि रंग

सर्वाधिक अर्ज परत येतात ते या ठिकाणी. शर्यतीसाठी मूळ इंजिन काढून दुसरे बसवणे ही त्या काळी सर्रास चालणारी गोष्ट होती, आणि त्याची आरसीवर नोंद करण्याचा विचार क्वचितच कोणाच्या मनात येई. कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलापेक्षा आरसीतील तपशील वेगळा होईल असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली ही बाब अधिक कडकपणे मांडली. इंजिन बदलणे सर्वस्वी निषिद्ध नाही, पण त्यासाठी मंजुरी आणि आरसीवर नोंद आवश्यक आहे. विनामंजुरी फेरफारासाठी कलम १८२अ खाली प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते.

ही नोंद आता करून घ्यायची तर इंजिन कोठून आले याचे बिल लागते, आणि जुन्या बाजारातून रोखीने घेतलेल्या इंजिनाला बिल कुठून असणार? म्हणून मूळ इंजिन शेडच्या कोपऱ्यात पडलेले असेल तर ते भंगारात देऊ नये. ते पुन्हा बसवून गाडी तपासणीला नेणे खर्चिक असले तरी सर्वांत खात्रीचा मार्ग तोच आहे, आणि शर्यतीचे इंजिन गिऱ्हाइकाला सुटे विकता येते. आरसीतील क्रमांक दुसऱ्या इंजिनावर पंच करून देणारे कारागीर भेटतात. त्यांच्या वाटेला कोणीही जाऊ नये. गंजामुळे चेसिस क्रमांक पुसट झाला असेल, तरी तो पुन्हा कोरण्याआधी परिवहन कार्यालयाची लेखी परवानगी घ्यावी.

रोलकेज म्हणजे अपघातात चालकाला वाचवण्यासाठी गाडीच्या आत बसवलेला नळ्यांचा सांगाडा. तो बोल्टने बसवलेला असेल तर तपासणीपूर्वी उतरवता येतो. वेल्डिंग केलेला असेल तर तो चौकटीतील बदल मानला जाऊ शकतो. वजन कमी करण्यासाठी मागची सीट काढली असेल तर आसनक्षमता जुळत नाही, आणि संघाच्या रंगात रंगवलेली गाडी आरसीत पांढरी असेल तर रंगही जुळत नाही. शर्यतीचा कार्बुरेटर आणि मोकळा सायलेन्सर असलेली गाडी पीयूसीत नापास होण्याची शक्यता मोठी असते. स्पर्धेचे तपासणी कागद, प्रमाणपत्रे, जुनी छायाचित्रे गिऱ्हाइकाला अवश्य द्यावीत, कारण किंमत त्यांच्यावर ठरते. परिवहन कार्यालयाच्या फाइलला मात्र ती जोडू नयेत, कारण कार्यालयाने ती मागितलेली नसतात. कार्यालयाने थेट विचारल्यास मात्र खरे तेच सांगावे.

व्हिंटेज नोंदणी घ्यावी का?

जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. क्लबांच्या गप्पांत व्हिंटेज आणि क्लासिक यांच्या सीमा वेगवेगळ्या असतात. नियमाला एकच गोष्ट कळते, ती म्हणजे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे उलटलेली असणे. गाडी १९७४ साली बनली पण पहिली नोंदणी १९७८ ची असेल, तर मोजणी १९७८ पासून होते. अर्ज फॉर्म २० मध्ये पोर्टलवर करायचा असतो आणि राज्याची समिती गाडी तपासते. नव्या व्हिंटेज नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, पुनर्नोंदणीचे ५,००० रुपये, आणि मुदत १० वर्षे आहे. आधीच नोंदणी असलेल्या गाडीला जुना क्रमांक ठेवता येतो.

हे आकर्षक वाटते ते नेहमीच्या नूतनीकरणाचा खर्च पाहिल्यावर. पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी फॉर्म २५ भरून नूतनीकृत करावी लागते, आणि मुदत संपलेल्या गाडीचे हस्तांतरण होत नाही. ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेने २० वर्षांवरील साध्या मोटारीसाठी हे शुल्क १०,००० रुपये आणि आयात मोटारीसाठी ८०,००० रुपये केले. पर्यावरण कर आणि उशिराचे शुल्क निराळे. गॅरेजमध्ये उभ्या असलेल्या गाडीला नूतनीकरण कशाला, असे म्हणून ज्यांनी ते टाळले त्यांना विक्रीच्या वेळी हा आकडा एकदम समोर येतो, तेव्हा किंमत सांगण्यापूर्वीच तो हिशेबात धरावा.

तरीही शर्यतीच्या गाडीला व्हिंटेजचा मार्ग सहजासहजी खुला नाही. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेली गाडी या व्याख्येतच बसत नाही. शिवाय व्हिंटेज गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन, देखभाल अशा कारणांपुरतीच रस्त्यावर आणता येते. रविवारी लोणावळ्याला फेरी मारण्यासाठी गाडी घेणाऱ्या गिऱ्हाइकाला हे आधी सांगितले नाही, तर तक्रार विकणाऱ्याकडेच येणार.

अर्ज नाकारला गेल्यास

खिडकीवर ‘हे होणार नाही’ असे तोंडी सांगून अर्जदाराला परत पाठवणे ही कार्यालयांची जुनी आणि त्रासदायक सवय आहे. कलम ५७ खाली आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत अपील करता येते, पण त्यासाठी लेखी आदेश हाती असावा लागतो. तोंडी नकारावर अपील होत नाही. म्हणून अर्ज पोर्टलवर दाखल करून त्याचा क्रमांक घ्यावा, त्रुटी लेखी मागावी, आणि कर्मचारी टाळाटाळ करत असल्यास आवक विभागात पत्र देऊन शिक्का घ्यावा. परराज्यासाठी फॉर्म २८ वर मागितलेल्या ना हरकत प्रमाणपत्रावर कलम ४८ नुसार ३० दिवसांत निर्णय कळवणे बंधनकारक आहे, आणि तो न कळवल्यास प्रमाणपत्र दिल्याचे मानले जाते. ही तरतूद अर्जदाराने लेखी दाखवून दिली की फाइल बहुधा हलते.

पैसे बँकेतूनच घ्यावेत, कारण २ लाख किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास आयकर कायद्याची मनाई आहे. गाडीचा ताबा देताना तारीख, वेळ आणि चेसिस क्रमांक लिहिलेली पावती दोघांच्या सह्यांनिशी करावी, फास्टॅग बंद करावा, आणि विमा कंपनीला कळवावे. घेणाऱ्याने विमा आपल्या नावावर करून घेण्यासाठी १४ दिवसांत अर्ज करायचा असतो. पोर्टलवर नव्या मालकाचे नाव दिसेपर्यंत फॉर्म २९ ची पोच जपून ठेवावी, आणि एका महिन्यात ते दिसले नाही, तर घेणाऱ्याच्या आश्वासनावर न थांबता कार्यालयाला लेखी कळवावे.