चिनी राशींच्या सुपरहिरोंच्या कादंबऱ्या : सभासदांसाठी माहितीपत्रक

चिनी राशींवर बेतलेल्या इंग्रजी सुपरहिरो कादंबऱ्यांना सध्या आपल्या वाचनालयात चांगली मागणी आहे. बारा प्राणी, त्यांच्या बारा शक्ती, त्या अंगात आलेली शाळकरी पोरं आणि त्यांच्या मागे लागलेला खलनायक, असा साधारण साचा. पुस्तक बदलायला आलेली मुलं हमखास विचारतात, "माझा प्राणी कोणता?" पालकांचा प्रश्न वेगळा असतो, "हे भविष्याचं पुस्तक आहे का हो?"

पालकांचं आधी. भविष्याशी काही संबंध नाही, निव्वळ धाडसकथा आहेत. मारामारी भरपूर असते. इंग्रजी बऱ्यापैकी वाचणाऱ्या बारा-तेरा वर्षांच्या मुलामुलींना झेपतात.

प्राणी कसा काढायचा

आपली रास चंद्रावरून ठरते आणि सव्वादोन दिवसांत पालटते. चिनी रास अख्ख्या वर्षाला एकच. त्यामुळे एका वर्गातली बहुतेक मुलं फार तर दोन प्राण्यांत वाटली जातात! क्रम असा: उंदीर, बैल, वाघ, ससा, ड्रॅगन, साप, घोडा, मेंढी, माकड, कोंबडा, कुत्रा, डुक्कर. जन्मसालाला 12 ने भागा. बाकी 4 उरली तर उंदीर, 5 तर बैल, असं मोजत 11 ला मेंढी येते. 0 म्हणजे माकड, 1 कोंबडा, 2 कुत्रा, 3 डुक्कर. 2012 ला भागल्यावर 8 उरतात, म्हणून ते ड्रॅगनचं साल.

जानेवारी-फेब्रुवारीत जन्मलेल्यांनी मात्र जपून. चिनी वर्ष 21 जानेवारी ते 20 फेब्रुवारी यांच्या दरम्यान कधीतरी सुरू होतं. 2012 मध्ये ते 23 जानेवारीला लागलं, तेव्हा त्या साली संक्रांतीला जन्मलेलं मूल ड्रॅगन नाही, ससा. (हे ऐकून काही चेहरे पडतात. इलाज नाही.)

गोष्टीत उपयोगी पडेल असं

क्रमामागची दंतकथा ठाऊक असली की निम्मे विनोद कळतात. स्वर्गाच्या सम्राटाने प्राण्यांची शर्यत लावली. उंदीर बैलाच्या पाठीवर बसून नदी पार झाला आणि शेवटच्या क्षणी उडी मारून पहिला आला. त्याने फसवल्यामुळे मांजराचा नंबर हुकला. व्हिएतनाममध्ये मात्र सशाच्या जागी मांजरच आहे.

चक्रात समोरासमोर येणाऱ्यांचं पटत नाही, असा समज आहे: उंदीर-घोडा, वाघ-माकड, ड्रॅगन-कुत्रा. दर चौथ्याचं जुळतं, म्हणजे उंदीर, ड्रॅगन आणि माकड एका गटात. लेखक टोळ्या पाडताना या जोड्या पाळतो की मोडतो, यावर लक्ष ठेवा. शिवाय स्वतःच्या प्राण्याचं वर्ष त्या माणसाला लाभाचं नव्हे, धोक्याचं मानतात. चीनमध्ये अशा वर्षी लाल मोजे, लाल पट्टा वापरतात.

ड्रॅगनबद्दल आमचं एक स्पष्ट मत आहे. चिनी ड्रॅगन पाऊस आणतो, नद्यांचा आणि समुद्राचा धनी असतो. तोंडातून आग ओकणारा दिसला, तर लेखकाने युरोपातला उचलून आणला असं खुशाल समजा.

प्राण्यांना लाकूड, अग्नी, माती, धातू आणि पाणी ही पाच तत्त्वंही जोडलेली असतात आणि पूर्ण फेरा साठ वर्षांनी येतो. पंचांगातली प्रभव, विभव ही साठ संवत्सरं आपल्याला माहीत आहेत. चिनी हिशोब निराळा, आकडा तोच. 1966 हे अग्नी-घोड्याचं साल होतं. त्या साली जन्मलेल्या मुली नवऱ्याला घातक ठरतात, या समजापायी जपानमध्ये जन्म 1965 च्या सुमारे 18 लाखांवरून 14 लाखांच्याही खाली आले. 2026 पुन्हा अग्नी-घोड्याचंच.

बीजिंगच्या जुन्या उन्हाळी राजवाड्यात या बारा प्राण्यांचं कारंजं-घड्याळ होतं. माणसाचं अंग, प्राण्याचं ब्राँझचं डोकं. दर दोन तासांनी एकेकाच्या तोंडून पाणी उडे, भर दुपारी बाराही एकदम. 1860 मध्ये ब्रिटिश आणि फ्रेंच फौजांनी राजवाडा लुटून जाळला आणि पुढे ही डोकी पांगली. उंदीर आणि ससा 2013 मध्ये चीनला परत मिळाले. आजवर सात आली आहेत. ड्रॅगन, साप, मेंढी, कोंबडा, कुत्रा बाकी आहेत. हरवलेल्या प्राण्यांच्या शोधाची एवढी तयार गोष्ट कुठल्याही सुपरहिरोला आयती मिळणार नाही.

देवघेव

या मालिका पहिल्या भागापासूनच वाचाव्यात. मधला भाग आधी नेल्यास कोण कुठला प्राणी हे कळेनासं होतं. पुढचा भाग राखून हवा असल्यास काउंटरवरच्या वहीत सभासद क्रमांकासह नोंद करा. आणि भागाकार कृपया या पत्रकाच्या मागे करा, पुस्तकाच्या कोऱ्या पानावर नको.