घोड्यांच्या शर्यतीची भाषा

घोड्यांच्या शर्यती आणि त्यांवरील पैज यांभोवती मराठीत रुळलेला शब्दसंग्रह. मुंबईचे महालक्ष्मी आणि पुण्याच्या लष्कर भागातील रेसकोर्स ही त्याची मुख्य ठिकाणे. या भाषेत तीन थर सहज ओळखू येतात : पैजेचे जुने शब्द संस्कृत-प्राकृतातले, घोड्याचे व स्वाराचे शब्द बहुतांशी अरबी-फार्सीतले, तर मैदानाचे आणि तिकीट-खिडकीचे इंग्रजीतले. क्रियापदे मात्र जवळजवळ सगळी मराठी आहेत आणि या बोलीचा कणा तीच आहेत.

व्युत्पत्ती : शर्यत आणि पैज यांचा संबंध वैदिक काळापासून दिसतो. ऋग्वेदात ‘आजि’ म्हणजे चढाओढ किंवा शर्यत, आणि ‘धन’ हा शब्द तेथे स्पर्धेत ठेवलेले बक्षीस या अर्थी वारंवार येतो. संपत्ती हा व्यापक अर्थ त्यातूनच पसरला असावा. वाजपेय यज्ञात सतरा रथांच्या शर्यतीचा विधी आहे. जुगाऱ्याचा विलाप सांगणारे दहाव्या मंडलातील अक्षसूक्त मात्र फाशांबद्दल आहे, घोड्यांबद्दल नव्हे. दोन्हींची सरमिसळ करू नये. संस्कृतातला ‘पण’, म्हणजे पैजेत लावलेली वस्तू, मराठीत ‘पणाला लावणे’ या वाक्प्रचारात जिवंत आहे.

‘पैज’ हा शब्द सामान्यतः ‘प्रतिज्ञा’ याच्या प्राकृत रूपांतून आला असे मानतात. ‘पैजेचा विडा उचलणे’ यात प्रतिज्ञेचा अर्थ अजून शिल्लक असल्याने हे मत ग्राह्य वाटते. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात मराठी बोल अमृतालाही पैजेने जिंकतील अशी ग्वाही आहे. ग्रंथाचा परंपरागत काळ शके १२१२ (इ.स. १२९०) धरला, तर तेराव्या शतकाच्या अखेरीस हा शब्द मराठीत चांगला मुरलेला होता असे म्हणता येते.

‘शर्यत’ या शब्दाचा उलगडा इतका सरळ नाही. मूळ अरबी ‘शर्त’, म्हणजे अट, हे निर्विवाद दिसते. या एका शब्दातून मराठीत तीन शब्द उभे राहिले : करारातल्या ‘अटी-शर्ती’मधील ‘शर्त’, पराकाष्ठेचा प्रयत्न सांगणारी ‘शर्थ’, आणि धावण्याची ‘शर्यत’. प्रश्न आहे तो तिसऱ्या शब्दातल्या ‘य’चा. त्याचे उत्तर दोन तऱ्हांनी देता येते. रयत, कैफियत अशा शब्दांच्या साच्यात ‘शरत’ (‘शर्त’चाच सैल उच्चार) ओढली गेली आणि ‘शर्यत’ झाली, ही एक तऱ्हा. फार्सी-उर्दूत वापरात असलेले ‘शर्त’चे अनेकवचन ‘शरायत’ कागदपत्रांतून मराठीत उतरून आखूड झाले, ही दुसरी. ध्वनींच्या दृष्टीने दुसरी तऱ्हा अधिक सुटसुटीत आहे, कारण तीत ‘य’ बाहेरून आणावा लागत नाही. अर्थाचा प्रवास मात्र दोन्हींत एकच : अट, अटीवर लावलेली पैज, आणि शेवटी जिच्यावर पैज लागते ती धाव. ‘शर्यत लावणे’ म्हणताना आजही मधलाच अर्थ मनात असतो. म्हणजे मराठी माणूस ‘घोड्यांची शर्यत’ म्हणतो तेव्हा पैज त्या शब्दात आधीपासूनच बसलेली असते.

घोड्याचे शब्द : मराठ्यांच्या पागेची भाषा समृद्ध होती. शिलेदार, बारगीर, चाबूकस्वार, मोतद्दार (घोड्याची निगा राखणारा), खोगीर, रिकीब, शिवाय रंगांची नावे : अबलख, कुमाईत (तांबूस-तपकिरी), आणि चारही पाय व तोंड पांढरे असलेला पंचकल्याणी. ‘चाबूकस्वार’ म्हणजे चाबूक घेतलेला स्वार नव्हे. फार्सीत ‘चाबुक’ म्हणजे चपळ, आणि चाबूकस्वार म्हणजे निष्णात स्वार. घोडा तयार करणाऱ्यासाठी मराठीत हा शब्द होता. रेसच्या मैदानावर यांतले फारच थोडे पोचले. चाबूकस्वाराच्या जागी ट्रेनर आणि जॉकी आले, कुमाईताच्या जागी ‘बे’. घोड्याची निगा राखणाऱ्याला तबेल्यात सईस म्हणतात. हा मूळ अरबी शब्द तेवढा टिकला. मोतद्दार हा खास मराठी वळणाचा शब्द तेथे ऐकू येऊ नये, ही खेदाची गोष्ट आहे.

मैदाने : मुंबईतील टर्फ क्लबचा, म्हणजे शर्यती भरवणाऱ्या संस्थेचा, आरंभ १८०२ चा सांगतात, त्या काळच्या शर्यती भायखळ्याला होत. महालक्ष्मीचे मैदान १८८३ चे, पुण्याचे १८३० चे मानले जाते. रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबचा मुंबईचा हंगाम हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत, तर पुण्याचा पावसाळ्यात असतो. इंडियन डर्बी (२४०० मीटर) १९४३ पासून महालक्ष्मीला होते. अंतरे आता मीटरमध्ये मोजतात, तरी बोलण्यात ‘शेवटचा फर्लांग’ कायम आहे. एक फर्लांग म्हणजे सुमारे २०१ मीटर.

लावणे आणि लागणे : या भाषेतील सर्वांत महत्त्वाची जोडी. माणूस घोड्यावर पैसे ‘लावतो’, आणि घोडा ‘लागतो’. ‘मला दोन नंबर लागला’ या वाक्यात धावणारा घोडा कर्ता आहे आणि ज्याने पैसे घातले तो चतुर्थीत, घेणाऱ्याच्या जागी बसला आहे. लॉटरी लागते, निकाल लागतो, मटक्याचा आकडा लागतो, तसाच घोडा लागतो. व्याकरणाने ‘लावणे’ हे ‘लागणे’चेच प्रयोजक रूप, करणे माणसाकडे आणि घडणे दैवाकडे, ही वाटणी क्रियापदातच झालेली आहे. येथे ‘घोडा’ हा शब्द लिंगनिरपेक्ष असतो. पहिली इंडियन डर्बी जिंकणारी प्रिन्सेस ब्यूटिफुल ही घोडी होती. पण तिच्यावर पैसे लावणाऱ्यालाही ‘घोडा’च लागला.

रेलिंगजवळ उभे राहिले की आणखी एक गोष्ट लक्षात येते. दुमडून गुंडाळी केलेले रेसचे पुस्तक मांडीवर आपटत माणसे शेवटच्या फर्लांगाला ओरडतात ते घोड्याचे नाव नव्हे, नंबर : ‘पाच, पाच, चल पाच!’ हा नंबर पुस्तकातला, म्हणजेच खोगिराखालच्या कापडावरचा. घोडा गेटच्या कोणत्या कप्प्यातून सुटणार तो आकडा वेगळा. त्याला ‘ड्रॉ’ म्हणतात. नवख्याची पहिली चूक बहुधा येथेच होते.

भाव आणि टोट : बुकी, म्हणजे पैजा घेणारा, जो दर देतो त्याला ‘भाव’ म्हणतात. भुसार बाजारात मागणी वाढली की भाव चढतो. येथे उलटे होते. घोड्यावर पैसा आला की त्याचा भाव उतरतो, कारण भाव म्हणजे बुकीने द्यायची रक्कम. मुंबईच्या बाजारी हिंदीतील ‘लगाना’ व ‘खाना’ हे शब्दही येथे चालतात : पैज घालणारा लगाता है, ती अंगावर घेणारा खाता है.

टोट म्हणजे टोटलायझेटर. जोसेफ ओलर याने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसमध्ये चालू केलेल्या, सर्वांचे पैसे एकत्र करून जिंकणाऱ्यांत वाटण्याच्या पद्धतीचे हे यांत्रिक रूप. टोटवर भाव आधी ठरत नाही; जमलेल्या एकत्र रकमेतून कर व क्लबचा वाटा वजा होऊन उरलेली रक्कम विभागली जाते. टोटच्या डिव्हिडंडमध्ये, म्हणजे जिंकणाऱ्या तिकिटामागे मिळणाऱ्या रकमेत, मूळ रक्कम धरलेली असते, बुकीच्या भावात ती नसते. दहा रुपयांच्या तिकिटावर टोटने ३५ दिले तर नफा २५. बुकीकडे हाच भाव ‘अडीच’ होतो.

विन (पहिला येणारा घोडा), प्लेस (पहिल्या काहींत येणारा), फोरकास्ट (पहिले दोन अचूक क्रमाने) हे पैजेचे प्रकार सर्वपरिचित आहेत. ‘क्विनेला’, म्हणजे पहिले दोन कोणत्याही क्रमाने, हा शब्द स्पॅनिश ‘किनिएला’वरून आला, त्याचा संबंध पाच या संख्येशी जोडतात. ‘टानाला’ म्हणजे पहिले तीन अचूक क्रमाने. परदेशात ज्याला ट्रायफेक्टा म्हणतात त्याला भारतीय मैदानांवर हे नाव आहे, आणि ‘क्विनेला’च्या शेजारी त्याचा नाद चपखल बसतो. जॅकपॉटला ओळीने पाच शर्यतींतले जिंकणारे घोडे लागावे लागतात. कोणाच्या ध्यानीमनी नसलेला घोडा आला तर ‘फ्लूक लागला’ असे म्हणतात.

मैदानाबाहेर : मुंबईच्या बोलीत ‘पंटर’ म्हणजे एखाद्याचा माणूस, हस्तक किंवा नुसताच दोस्त. हा शब्द रेसच्या ‘पंटर’वरून, म्हणजे पैसे लावणाऱ्यावरून, आला असणे संभवनीय आहे. ‘जुगार’ हा शब्द संस्कृत ‘द्यूतकार’शी जोडतात, पण रेसचे लोक तो स्वतःसाठी वापरत नाहीत, ते ‘रेस खेळतो’ म्हणतात. कायद्यानेही हा भेद मानला आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये घोड्यांच्या शर्यतीवरील पैज हा मुख्यतः कौशल्याचा खेळ असल्याचा निर्णय दिला.

ग्रामीण महाराष्ट्रातील बैलगाडा शर्यतीची आणि विदर्भातील शंकरपटाची (बैलजोड्यांच्या शर्यतीची) परिभाषा स्वतंत्र आहे. पुणे जिल्ह्यात घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, पळणाऱ्या गाड्यापुढे घोडी धरतात. तेवढ्यापुरती या दोन भाषांची गाठ पडते.